त्रेचाळीस मेंढ्यांचा दुखवटा

भोकरदन, मंगळवार

तीर्थरूप तुळजा आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे. गुडघा कसा आहे? कुंभार पिंपळगावच्या बाजाराला अजून पायीच जातेस असं कळलं. त्यावरून तुला बोलायचं होतं, पण सध्या कोणाला बोलायचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. इकडे मी, सासूबाई आणि मेंढरं खुशाल आहोत. मेंढरांचं मुद्दाम लिहिते, कारण मागच्या आठवड्यात त्यातली त्रेचाळीस गेल्याची बातमी गावभर झाली होती आणि ती माझ्यामुळे झाली.

आमच्या अकरा घरांच्या मेंढपाळ गटासाठी मी संगणकावर 'कळपवही' केली, हे तुला ठाऊक आहे. कोणाची किती मेंढरं, लस कधी, आजारी कोण, सगळं त्यात. दोन वर्षं ती मी एकटीच चालवत होते म्हणून बरी चालली. यंदा गटानं ठरवलं की रानातून नुसतं फोनवर बोलावं आणि एआय मदतनीसानं आपणहून कळपवही चालवावी. मदतनीस बसवून देणारा माणूस म्हणाला, ताई, कुठलं बटण काय करतं ते नीट लिहून द्या, हा तुम्ही लिहिलेलंच खरं धरून चालतो. मला वाटलं, त्यात काय एवढं. बसले आणि एकतीस पानं लिहिली. प्रस्तावना, कळपवहीचा इतिहास, कैलासवासी मामंजींचे आभार (वाचणारा माणूस नसला म्हणून काय झालं, रीत सोडू नये). परिणाम असा झाला, की सासूबाईंनी कोकरांची लस कधी म्हणून विचारलं, तर मदतनीसानं आधी मामंजींना दोन मिनिटं श्रद्धांजली वाहिली आणि मग तारीख सांगितली. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन सगळं ऐकलं. मग मला म्हणाल्या, "इंद्रायणी, ह्याला लस इचारावं तर ह्यो तेराव्याचं भाषण करून राह्यला."

म्हणून घाईघाईनं एकतीस पानांचं एक पान केलं. त्यात एक ओळ होती : 'आजारी मेंढ्या काढाव्यात.' आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ बाजूला काढाव्यात असा होतो. पण कळपवहीत 'काढा' नावाचं बटण आहे, आणि ते मेलेल्या किंवा विकलेल्या मेंढीची नोंद मिटवतं. बटण मीच केलेलं, ओळही मीच लिहिलेली, फक्त दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची राहून गेली. बुधवारी सकाळी सासूबाईंनी रानातून सांगितलं, की काट्यांचं रान लागलं, सगळी मेंढरं लंगडून राह्यली. मदतनीसानं अत्यंत आज्ञाधारकपणे आमची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मेंढरं काढली आणि गुरुवारच्या लसीची सुधारलेली यादी राधेश्याम डॉक्टरांना पाठवली.

डॉक्टर भला माणूस. यादीतून आमचा अख्खा कळप गेलेला पाहून, वाटेत भेटेल त्याला सांगत मोटारसायकलवर तसाच निघाला. सासूबाई तोवर मेंढरं घेऊन घरी आल्या होत्या. डॉक्टर अंगणात हात जोडून उभा राहिला.

"मावशी, लई वाईट झालं."

"काय झालं?"

"त्रेचाळीस गेली म्हणं."

"कुठं गेली?" असं विचारून सासूबाईंनी मागं पाहिलं. सगळी तिथंच होती, आणि एक पुढं येऊन डॉक्टरांच्या हातातला पंचनाम्याचा कागद खात होती. डॉक्टरांनी दोनदा मोजली. मग अगदी हळू विचारलं, "मंग ही कोण हायत?" तेवढ्यात शेजारचे बिभीषणभाऊ दुखवट्याच्या घरी न्यायचं म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आले. आलेलं अन्न परत कसं पाठवायचं, म्हणून आम्ही सगळे बसून जेवलो.

जेवताना मी मात्र लसीचा हिशेब मांडला. आत्या, शेजारच्या गावात रोग आलेला होता आणि लस त्या यादीप्रमाणेच मागवली होती. डॉक्टर आले नसते, तर सासूबाईंच्या अख्ख्या कळपाला थेंबभर लस मिळाली नसती. डॉक्टर जेवल्या हातानं जालन्याला निघाले आणि संध्याकाळपर्यंत बाकीची घेऊन आले.

त्या दुपारी सासूबाईंनी मला बाजेवर बसवलं. त्यांना अक्षर येत नाही, पण नवा गडी कसा तयार करायचा ते येतं. म्हणाल्या, "त्याला आपलं काई म्हाईत न्हाई आसं धरून सांग. ह्ये बटण कशापायी, कवा दाबायचं न्हाई, आन् चुकलं तर माघारी फिरतं का न्हाई. नीट कळलं न्हाई तर इचार म्हणावं, आपल्या मनानं करू नको." आधी मिटलेल्या त्रेचाळीस नोंदी पुन्हा भरल्या, मग त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले. 'काढा' बटणाची दोन केली : 'आजारी म्हणून बाजूला ठेवा' आणि 'नोंद कायमची मिटवा'. प्रत्येकाखाली एक बरोबरचा दाखला, एक चुकीचा. चुकीच्या दाखल्यांसाठी डोकं खाजवावं लागलं नाही.

मग सासूबाईंनी त्याची परीक्षा घेतली. "त्या काळीला काढ." मदतनीसानं विचारलं, तुमच्याकडे बारा काळ्या आहेत, त्यातली कोणती? बाजूला ठेवू की नोंद मिटवू? सासूबाई इतक्या खूष झाल्या की दुसऱ्या काळीचंही विचारून पाहिलं. "इचारून राह्यला म्हंजे शाना झाला," म्हणाल्या. गुरुवारी दुपारपर्यंत सहाशे बारा मेंढरांना लस झाली, एकही सुटलं नाही. आता माझं लिखाण इतकं चोख झालं आहे की त्यात खोट म्हणून सापडायची नाही.

तुझीच,
इंद्रायणी

ता.क. लस झाल्याच्या आनंदात काल सासूबाई मदतनीसाला म्हणाल्या, "येत्या ऐतवारी सगळ्यांना जेवायला सांग." 'सगळे' म्हणजे कोण, हे लिहायचं राहिलं होतं. त्यानं गटाची घरं, डॉक्टर, औषधवाला, लोकरवाले आणि दोन वर्षांत ज्यांनी आमच्याकडून मेंढरं नेली ते, अशा एकशे अठरा जणांना आमंत्रण दिलं. सगळे येतो म्हणाले आहेत.

आणखी ता.क. पत्र घेऊन आलेला करण लगेच परत फिरणार नाही. तुझा मोठा हंडा आणि तू, दोघांना घेऊनच ये असं त्याला मी बजावलं आहे, आणि तेही अर्थ स्पष्ट करून.