रोसेंदोचा दोर

तीर्थरूप एर्मेलिंदा मावशीस,

निकानोरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? कोंबड्या अंडी घालतात की नुसत्याच खातात? आम्ही बंदराला लागलो, जहाजही लागलं. सिमेंट मात्र भिजून दगड झालंय, आणि तुझा लेक कप्तान रोसेंदो त्याहून दगड झालाय. त्याची तक्रार करायलाच हे पत्र.

रविवारी भर समुद्रात 'सांता एदुविहेस'चं इंजिन फुटलं आणि त्यात आमच्या तिबुर्सिओ मेकॅनिकचा पाय चिरडला (तोच, तुझ्या शेजारच्या देल्फिनाचा नवरा, सोळा वर्षं माझ्या रश्शाला नावं ठेवत आलेला). मी मांडीला कापड आवळलं आणि त्याला स्वयंपाकघरातल्या बाकावर निजवलं. तिथूनही त्याची नजर माझ्या पातेल्यावरच. "काय रे निकानोर, मीठ म्हणून अख्खा समुद्र ओततोस का?" जहाज लाटांना आडवं होऊन भरकटत होतं, कांद्याच्या गोणी या भिंतीकडून त्या भिंतीकडे फिरायला जात होत्या, आणि त्याचा पाय काळा पडत चालला होता. त्याला डॉक्टरपर्यंत पोचवणं, एवढंच काय ते काम होतं.

सोमवारी सकाळी बंद पडलेली जहाजं ओढून नेणारी टग बोट आली. लाटांमुळे तिला आम्हाला चिकटता येईना, त्यामुळे माणूस उतरवणं अशक्य, पण दोर फेकता येत होता. त्यांनी फेकला. तुझ्या लेकाने तो उचलून परत समुद्रात ढकलला! (आपल्या किनाऱ्यावर सगळे खलाशी मानतातच ना, की ओढणाऱ्याचा दोर घेतला की जहाजावर त्याचा हक्क बसतो, आणि आपला दोर दिला तर ती नुसती मदत.) म्हणून आपलाच दोर. कोणता? काकांचा, ज्याच्यावर तू दरवर्षी कार्मेनच्या माउलीच्या सणाला पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून आणतेस. टगचा कप्तान भोंग्यातून ओरडला, "अहो, हा दोर आहे की कपडे वाळत घालायची दोरी?" रोसेंदो उलट ओरडला, "माझ्या बापाचा आहे! गुमान ओढा!" त्यांनी ओढला. तुटला. रोसेंदोने गाठ मारली. पुन्हा तुटला. मंगळवारभर हाच खेळ. दोर आखूड होत गेला आणि गाठी वाढत गेल्या. मी हात जोडले, तर म्हणतो, "आचाऱ्याने चुलीपाशी बसावं. जहाज गेलं तर आईला काय खायला घालू?" मला त्याचा भयंकर राग आला, मावशी, आणि कीवही आली, कारण ते काही खोटं नव्हतं.

बुधवारी दुपारी, गाठ मारायला म्हणून काढून ठेवलेला दोर आपोआप समुद्रात गेला. मग नाइलाजाने टगचा घेतला आणि गुरुवारी सकाळी बंदरात आलो. तिबुर्सिओला आता मुळीच दुखत नाही. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
निकानोर

ता.क. दोर आपोआप नाही गेला. मासे साफ करायच्या सुरीने मी त्याचे तुकडे केले आणि फेकून दिले. रोसेंदोला हे मी सांगितलंय. तो मला मारायलाही उठला नाही.

आणखी एक ता.क. बुधवारी तिबुर्सिओ वाटीभर रस्सा मुकाट्याने प्यायला आणि म्हणाला, "छान झालाय." तेव्हा घाबरून मी सुरी उचलली. सोमवारीच उचलायला हवी होती. बंदराची भिंत दिसत असताना तो गेला. मावशी, देल्फिनाला अजून कोणी सांगितलेलं नाही. शनिवारी आम्ही त्याला घेऊन येतोय. त्याआधी तू तिच्याकडे जा, मला ते जमणार नाही. दोराचं काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण शेवटपर्यंत माझ्या मिठाला नावं ठेवत होता, असं नक्की सांग. खोटं आहे, पण तेवढ्यावरून तिला तो ओळखू येईल.