काळ्या मातीतल्या निंबोळ्या

मंगळवार संध्याकाळ, धामणगाव

गळा अजून दुखून राहिला. गजूची बोटं उमटलीत.

नर्सरीत माझ्यासंगं निंबोळ्या लावताना त्यानं पिशव्यांत आपल्या वावरातली नुसती काळी माती भरली. मी तिच्यात रेती, शेणखत मिसळलं. माझी रोपं तरारली, त्याची माती दगड झाली. मालक हसले, "गजानन, तुह्या सोन्यासारख्या मातीत निंब काहून नाही?"

गजूनं माझी रोपं लाथांनी तुडवली. मी फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. त्यानं मले पाडून गळा आवळला. झटापटीत त्याची एक पिशवी फुटली. ढेकळात पांढरा कोंब होता, मान मोडलेला.

"हा तं उगवला होता बे," म्हणाला आन् गळा सोडला.

मग रेतीचं घमेलं आणून माझ्यासमोर आदळलं. आपली ढेकळं त्यात फोडाले लागला.

पाणी गिळवत नाही. निघून जावं का इथून? पण निंबोळ्या अजून पोतंभर लावायच्या आहेत.