हातांवर बसलेली ताई

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फेकलं नसशील, असं धरून चालते. दोन वर्षं आपण बोललो नाही आणि चूक माझी आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचंच सांगत बसेन.

तर इकडचं तिकडचं. मी प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून लागले. शिक्षिका फळ्याशी शिकवतात, मी मागच्या बाकांवर अडलेल्या मुलांपाशी बसते. आणि तेही कशासाठी, तर गणितासाठी! हस तू. माझा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा तुझ्याइतका कुणी पाहिलाय? पण कायम होण्याआधी सहा शनिवारांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं, आणि ते सुरू होण्याआधीच माझी फजिती झाली.

प्रशिक्षणाच्या बाई आमचं काम बघायला वर्गात येऊन बसल्या होत्या. एका चिमुरडीनं बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस लिहिले होते. मी चटकन खोडरबर फिरवलं, कानात ‘पंचवीस’ सांगितलं, तिला बरोबरची खूण मिळाली. मला वाटलं, बाई पाठ थोपटणार. त्यांनी विचारलं, “पस्तीस कुठून आले होते?” मला काय ठाऊक, मी तर ते पुसून बसले होते! मग बाईंनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून मी सातातून दोन घालवले.” कित्येक महिने ती असंच करत होती. मी खोडत होते, आणि शिक्षिकेला वाटत होतं पोरीला सगळं येतं.

पहिल्या शनिवारी बाईंनी आम्हा सगळ्यांची खोडरबरं गोळा केली आणि म्हणाल्या, “आता दोन्ही हात मांडीखाली. मूल अडलं की मनात वीसपर्यंत मोजा. तोवर तोंड उघडायचं नाही.” मी हात मांडीखाली घेतले आणि ताई, मला तू दिसलीस.

स्वयंपाकघरातलं ते डुगडुगणारं टेबल, माझी वही, आणि शेजारी हातांवर बसलेली तू, खालचा ओठ दातांत धरून. मी भोकाड पसरायचे, पेन्सिल फेकायचे, तुला खडूस म्हणायचे. तुला उत्तर येत असायचं आणि तू सांगायची नाहीस. माझं खोडरबर फ्रॉकच्या खिशात लपवायचीस आणि विचारायचीस, “हे कसं केलंस, सांग ना मला.” मला वाटायचं, ही माझी मजा बघतेय. ती अढी मी चाळीस वर्षं जपली आणि दादाच्या घरी सगळ्यांदेखत बोलून गेले की ताईनं मला कधी कशात मदत केली नाही. तू पर्स उचललीस आणि गेलीस.

काठावर का होईना, मी गणितात कधी नापास झाले नाही. रडत का होईना, प्रत्येक गणित मीच सोडवलं होतं. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, तुला हे कुणी शिकवलं गं? मला सहा शनिवार लागले, तेही पगारी. ती चिमुरडी आता काड्यांचा एक गठ्ठा सोडते, दहा सुट्या करते आणि मग वजा करते. परवा मला हातांवर बसलेलं बघून म्हणाली, “तुम्हाला थंडी वाजते का?”

आता खरं काम सांगते. पुढच्या तुकडीचा पहिला तास बाईंनी मला घ्यायला सांगितलाय, येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी. अकरा नवे मदतनीस असतील. मदत म्हणजे काय, हे त्यांना नुसतं सांगून कळणार नाही, दाखवावं लागेल. मी मुलांच्या छोट्या खुर्चीत बसेन, वजाबाकी चुकवेन, हवं तर रडेनसुद्धा. शेजारची खुर्ची तुझी. येशील? दादाच्या घरी जे म्हणायला हवं होतं, ते मला त्या अकरा जणांसमोर म्हणायचंय: मला जे येतं, ते हिच्यामुळे. घाईनं उत्तर देऊ नकोस. मी हातांवर बसलेय, वीसच्या पुढेही मोजत राहीन.

तुझीच,
रडूबाई