उंदरानं घातलेले टाके

आई, तुला एक सांगायचं राहूनच गेलं. मावशीच्या गोधडीतला घारगा उंदरानं नाय, मी खाल्ला व्हता.

घट बसायला दोन दिवस व्हते. सगळ्या बाया धुणं घेऊन कुकडीवर गेल्या व्हत्या, आन तू ओट्यावर मावशीची गोधडी संपवत बसली व्हतीस. आत डांगराचे घारगे तळून ठेवलेले, वासानं जीव जातोय. तुझी रीतच व्हती, शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात घारग्याचा तुकडा ठेवायचा. "गोधडी उपाशी द्यायची नाय. तिचं पोट भरलेलं असलं म्हंजे पांघरणाराबी उपाशी झोपत नाय," असं म्हणायचीस. आमाला निवदाआधी हात लावू देत नव्हतीस, आन चिंध्यांना पहिला मान! मला लई राग आला. कोपरा शिवून तू हंडा घेऊन गेलीस, तेवढ्यात मी तो उसवला, तुकडा तोंडात टाकला, त्या जागी चिंचोका ठेवला आन तुझ्याच सुईनं परत शिवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात. "अगं, कोपऱ्यात टणक लागलं म्हणून उसवलं, तर चिंचोका! माझ्या गोधडीला चिंचोके चारतेस व्हय?" तू तो उसवलेला दोरा हातात घेतलास, निरखून बघितलास. माझ्याकडं मान वळवली नाय. म्हणालीस, "उंदीर असंल. पण लई हुशार उंदीर गं. खातो आन वर टाकेबी घालतो." मावशीची हसून पुरेवाट झाली. मला वाटलं, सुटलो. तर सांजच्याला माझ्यापुढं नवी गोधडी पसरलीस. "उंदराला आता कामाला लावायचं. ह्यो कोपरा तुझा. टाका तांदळाएवढा. मोठा पडला की उसवायचा." तेवढीच शिक्षा. मी उसवून उसवून रडकुंडीला आलो, तरी तू शेजारी बसून नुसती सुईत दोरा ओवून देत व्हतीस. शाळेत कुणी मला काय शिकवू शकलं नाय, पण तांदळाएवढा टाका शिकलो.

मग तू गेलीस. आपल्या धाकट्या ताईसाठी घातलेली गोधडी निम्मीच राहिली. ती नऊ वर्साची, जेवंना, झोपंना. मी सांगून टाकलं, "आईनं तुझी गोधडी पुरी केलीय. पेटीत हाय. तुला बाळ झालं की त्याला पहिल्यांदा तिच्यावरच टाकायचं, असं म्हणालीय." तवा कुठं पोरीनं दोन घास खाल्ले. लई खोड्या केल्या आई, पण एवढी मोठी थाप तीच.

आन आवंदा ती सासरहून, बोरीवरनं, पहिल्या बाळंतपणाला आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणते, "दादा, माझी गोधडी काढ." म्हणलं, "दसरा होऊ दे की. धुवून देतो." आता मी पिकअप चालवतो. नारायणगावला टोमॅटो खाली होईस्तोवर काच वर करून केबिनमध्ये ती निम्मी गोधडी शिवत बसायचो. एका डायवरनं वाकून बघितलं, "काय राव, हुंड्याची तयारी का?" म्हणलं, "व्हय, तुझ्यासाठीच. नवरा बघून ठेव." कापड कमी पडलं. जुन्नरच्या शिंपी चाचानं चिंध्या दिल्या, पण त्या नव्याकोऱ्या चमकत व्हत्या. म्हणून माझा शाळेतला जुना निळा शर्ट फाडून लावला. आन आई, खरं सांगतो, तुझे टाके कुठं संपले आन माझे कुठं लागले, ते आता मलाबी सांगता यायचं नाय. घारग्यांचा पहिला घाणा तेलात इरघळला, दुसरा दगड झाला. तिसरा जमला. तुकडा कोपऱ्यात ठेवला. खाल्ला नाय. बाकीचे खाल्ले.

काल दसऱ्याला दिली. ताईनं ती पोटावर ओढून घेतली, टाक्यांवरनं बोट फिरवत राहिली. "आईचा हात कसा सरळ चालायचा, बघ दादा." तेवढ्यात आपट्याची पानं घेऊन मावशी आली. तुला म्हाईतच हाय, तिच्या तोंडात तीळ भिजत नाय. तिनं चष्मा चढवला, एकेक ठिगळ बघत चालली, आन बोट त्या निळ्या कापडावर थांबलं. तवा माझी ट्यूब पेटली. तो शर्ट तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिनंच मला घेतला व्हता! तू शिवलेल्या गोधडीत तो येईलच कसा? मावशी शर्टाकडं बघते, माझ्याकडं बघते.

"काय झालं गं मावशी?" ताई म्हणाली.

"काय नाय बाई. तुझ्या आईचाच टाका. डोळं झाकून सांगते." चष्मा काढून तिनं उगंच पदरानं पुसला. जाताना चपला घालता घालता माझा कान धरला आन हळूच म्हणाली, "उंदीर मोठा झाला की रं."

तेवढं ऐकलं आन मला दहावी पास झाल्यासारखं वाटलं. दोनदा बसलो व्हतो, तवा नव्हतं वाटलं ते.

हे पत्र टाकणार कुठं? तुझ्या सुयांच्या डब्यात घडी करून ठेवतो. मावशीनं गप बसायला एक गोधडी मागितलीय, पोट भरलेली, बिनचिंचोक्याची. ती देईन. पण तू कुणाला सांगू नको, आई, पाया पडतो. तिकडं आपल्या आळीतल्या लई म्हाताऱ्या हायत, आन त्यातल्या एकीच्याबी तोंडाला कुलूप नाय.