पाकिटावरच्या चार ओळी

रोहा,
बुधवार, १७ मे

प्रिय सिपोरा,

काल पेणच्या हॉस्पिटलात तुझ्या जोसेफने माझ्यादेखत डॉक्टरांना सांगितलं की मामांना आता पाकिटावरच्या साध्या सूचनाही कळत नाहीत, म्हणून हा प्रकार झाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या एका वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर तू रडतेस, मी चिडते आणि मुद्दा राहून जातो. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही.

आधी बातमी. सॉलोमनदादांच्या जिवावरचं संकट टळलं आहे. शनिवारी दुपारपासून त्यांना उलट्या-जुलाब झाले, संध्याकाळपर्यंत अंगातलं पाणी संपून ते जमिनीवर पडले. रोह्याच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, पण रविवारी सकाळपर्यंत लघवी होईना, तेव्हा त्यांनी पेणला न्यायला सांगितलं. आळीतल्या नाथाने त्याची गाडी काढली. नागोठण्यापर्यंतचे खड्डे तुला माहीत नाहीत, तू गेलीस तेव्हा वेगळे खड्डे होते. दादांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ऐंशी वर्षांचा माणूस मला दर पाच मिनिटांनी सांगत होता की साडी खराब होईल, बाजूला सरक. काल त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली. मूत्रपिंडं काम करू लागली आहेत. एवढं वाचून तू श्वास सोडलास, तर आता पुढचं नीट वाच.

जोसेफ म्हणतो की घराला कुलूप लावायचं आणि जूनमध्ये मामांना तुमच्याकडे इस्रायलात, अश्दोदला न्यायचं, तुझ्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी सोय आहे तिथे ठेवायचं. तू होकार दिला आहेस, असंही म्हणतो. दादांना कोणी विचारलेलं नाही. ज्या माणसाने आई-वडील इथे पुरले, सगळं गणगोत विमानात बसवून दिलं आणि स्वतः मागे राहिला, त्याला का राहिलास हे तुम्ही पन्नास वर्षांत विचारलं नाहीत. आता तो एकदा जमिनीवर आडवा सापडला, तर त्याचं डोकं गेलं असं ठरवून मोकळे झालात. मुलाच्या सांगण्यावरून तू होकार द्यावास याचा मला जास्त राग आहे. तू तरी त्या घरातली आहेस.

तुझ्या घरचा शनिवार तू मुलाला शिकवला नाहीस. तो मला विचारतो, शनिवारी मामांना मदत लागली तर ते हाक का मारत नाहीत? काय सांगू? तुझ्या घरी शनिवार म्हणजे शब्बाथ, विस्तव पेटवायचा नाही, दिवा लावायचा नाही आणि दुसऱ्याला काम सांगायचंही नाही. ज्याला कळेल त्याने करायचं. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून मला कळत होतं. सकाळी सातला आपल्या दोन घरांच्या मधल्या दारातून यायचं, स्टोव्ह पेटवायचा, चहाचं आधण ठेवायचं, दुपारी कालचं कालवण गरम करून द्यायचं. तुझी आई मला कधी 'पेटव' म्हणाली नाही. ती भिंतीकडे बघून म्हणायची, आज पाणी फार गार आहे. मग मी पाणी तापवायची. भिंतीशी बोलणारी बाई म्हणून माझ्या आजीने तिला वेडी ठरवलं होतं. मी कॉलेजला असताना आपण दोघी पेणला एस्थरआत्यांकडे राहिलो, वडखळवरून अलिबागची बस पकडायचो, तेव्हाही आत्यांचा शनिवारचा स्टोव्ह मीच पेटवला. माझं लग्न झालं, तरी मी याच घरात राहिले, हे धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जायचे, मी शाळेत शिकवायची, पण शनिवार चुकला नाही. तुझी आई गेली, तू गेलीस, शेवटी दादा एकटे उरले, तरी चुकला नाही. यात मी कोणावर उपकार केले नाहीत. जसं आपण आपल्या दारातलं झाडतो, तसं.

फेब्रुवारीत जोसेफ सहा महिन्यांसाठी कंपनीच्या कामाला मुंबईत आला आणि पहिल्याच भेटीत त्याने मामांना ओव्हन आणून दिला. काचेचं दार, वेळ लावायची चकती. वेळ लावली की आपोआप सुरू होतो, आपोआप बंद होतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत जेवण आत ठेवायचं, शनिवारी साडेअकराला तो चालू होणार. दादा दोन घास सुखाने खातील आणि धर्मही राहील, असं त्याचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून, अगदी गोड बोलून, तो म्हणाला, "सरूमावशी, आता तुम्हाला शनिवारी धावपळ नको. तुम्ही सुटलात."

मी सुटले. बासष्ट वर्षांनी मला एका डब्याने सोडवलं. दादा तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चकतीवरचे आकडे वाचत असल्याचं नाटक केलं. त्यांना मोतीबिंदू आहे, त्यांना ते आकडे दिसत नव्हते. मला वाटलं, हा माणूस एक शब्द बोलेल. भाच्याचा मान राखायचा म्हणून बोलला नाही, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी उठले आणि मधल्या दाराला आमच्या बाजूने कडी घातली.

त्यानंतर शनिवारी पावणेबाराला त्यांच्या ओव्हनची टिंग आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. दर शनिवारी. मी भाकरी थापत असेन तर हात थांबायचा. एरवी आठवडाभर आम्ही बोलायचो, पेपरची अदलाबदल व्हायची, हौसा दोन्ही घरची भांडी घासते ती इकडचं तिकडे सांगायची. फक्त शनिवार गेला होता. थंडी होती तोवर डबा चालला. दादा उकडलेले बटाटे, भात, मसूर असं ठेवायचे. रात्रभर राहिलं तरी बिघडत नव्हतं, किंवा थोडं बिघडलं तरी बोलत नव्हते.

मग गेल्या गुरुवारी जोसेफ मुंबईहून ते बर्गर घेऊन आला. ठाण्यात कोणी बाई तुमच्या रीतीने कापलेल्या कोंबडीचे छोटे छोटे बर्गर करते, मुठीत मावतील एवढे, आणि गोठवून विकते. बर्फाच्या पेटीतून चार पाकिटं आणली, फ्रीजरमध्ये रचली, मामांना म्हणाला आता महिनाभर काळजी नाही, आणि गेला. त्याच्या स्वतःच्या घरी शनिवारी बर्गर खायचा झाला तर तो शनिवारी फ्रीजर उघडतो, शनिवारी बटण दाबतो, आणि ते होईपर्यंत फोनवर बोलतो. त्यामुळे त्याच्या डोक्यातच आलं नाही की मामा शनिवारी फ्रीजर उघडत नाहीत, कारण आतला दिवा लागतो. त्यांना जे काही आत ठेवायचं ते शुक्रवारी संध्याकाळीच ठेवावं लागणार. मे महिना, रोहा, रात्री बाराला सुद्धा भिंती गरम. संध्याकाळी साडेसहापासून दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत सतरा तास कोंबडीचं मांस बंद पेटीत.

आणि हे सगळं सतरा तासांनी पंधरा मिनिटं तापवलं की झालं, असं तुझ्या शिकलेल्या मुलाला वाटतं. मी आठवीच्या पोरींना एकतीस वर्षं शिकवलं की तापवल्याने जंतू मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं विष मरत नाही. पोरी वहीत लिहून घ्यायच्या, परीक्षेत लिहायच्या. दरवर्षी दोन मार्कांचा प्रश्न असायचा.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग मुलाची चूक झाली, पण वाईट हेतूने नाही. बरोबर. हेतू वाईट नव्हता. आणि मला एवढंच लिहायचं असतं तर मी त्याच्या तोंडावर बोलले असते, पत्र कशाला लिहू?

काल डॉक्टर लिहीत होते तेव्हा दादा जागे होते. जोसेफला वाटलं झोपले आहेत. त्याने त्यांच्या समोरच सांगितलं की मामांचं डोकं पूर्वीसारखं राहिलेलं नाही, एकटं ठेवणं आता शक्य नाही. डॉक्टर दादांकडे वाकून विचारू लागले, काका, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं होतं का? दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, हातात थर्मास होता. मग ते म्हणाले, "माझंच चुकलं. मला समजलं नाय." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ते खोटं बोलले, सिपोरा. तुझा भाऊ आयुष्यात कधी खोटं बोललेला मी ऐकला नाही, आणि बोलला तो माझ्यासाठी.

शुक्रवारी पाच वाजता ते पाकीट घेऊन माझ्या ओट्यावर आले होते. अक्षर बारीक होतं, इंग्रजी होतं. म्हणाले, वाचून दाखव. मी भेंडी चिरत होते, सुरी खाली ठेवली नाही. पाकीट हातात घेतलं आणि वर्गात सूचना वाचतात तसं वाचलं. फ्रीजरमधून काढून थेट ओव्हनमध्ये ठेवावे. वितळू देऊ नयेत. एकशे ऐंशी अंशांवर पंधरा मिनिटे. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नयेत. चारच ओळी होत्या. मराठीत नीट सांगितल्या. दादांनी ऐकल्या, त्यांना समजल्या, तुझ्या-माझ्यापेक्षा चांगल्या समजल्या. कारण ऐकून झाल्यावर त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता. "मग आज सांजच्याला ठेवले नि उद्या तापले, तर चालतील काय गो सरू?"

मला उत्तर माहीत होतं. विसरले होते, असं लिहिता आलं असतं तर सोपं होतं. वाक्य ओठावर होतं, नका ठेवू दादा, उद्या सकाळी मी येते. एवढंच बोलायचं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "ज्याने आणले त्याला विचारा. आम्ही सुटलो आता."

त्यांनी पाकीट उचललं. मग बरं म्हणाले आणि गेले. तुझा भाऊ दोनदा विचारत नाही, हे तू जाणतेस. जोसेफला त्यांनी फोन केला नाही, कामात असेल म्हणून. आणि सूर्य मावळला की त्यांचा शनिवार लागणारच होता.

शनिवारी पावणेबाराला टिंग झाली. मी ती ऐकली. मला वाटलं होतं की फार तर वास येईल, फेकून देतील, फार तर पोट बिघडेल, त्या डब्याची फजिती होईल आणि कोणीतरी येऊन मधलं दार वाजवेल. मी माझं ताट वाढून घेतलं. भेंडीची भाजी होती. पोटभर जेवले आणि आडवी झाले. भिंतीपलीकडे तुझा भाऊ दुपारभर मोरीपर्यंत जात-येत होता आणि शनिवार होता म्हणून हाक मारत नव्हता. साडेसहाला हौसा भांड्यांना गेली, ती धावत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाय, काका भुईवर हायत, बोलत नाय." मधल्या दाराची कडी काढताना माझ्या हाताला ती सरकेना, तीन महिन्यांत गंजली होती. मी पुढच्या दाराने फिरून गेले. त्यात किती वेळ गेला ते मी मोजलेलं नाही.

तेव्हा हे स्पष्ट समज. दादांचं डोकं शाबूत आहे. सूचना त्यांना वाचून दाखवल्या गेल्या, त्यांना समजल्या, शंका आली ती त्यांनी योग्य माणसाला विचारली. त्या माणसाने उत्तर दिलं नाही. तो माणूस मी. मी बी.एस्सी. आहे, विज्ञानाची शिक्षिका आहे, आणि मी रुसले होते. त्यांना वेडं ठरवून विमानात घालणार असाल, तर ते माझ्या गप्प बसण्यामुळे घालताय, त्यांच्या म्हातारपणामुळे नव्हे. माझ्यावर राग धर, आयुष्यभर बोलू नकोस, ते मी सोसेन. पण तुझा होकार परत घे. आणि काही ठरवायच्या आधी त्यांना स्वतः फोन करून विचार, तुम्हाला यायचं आहे का. यायचं आहे म्हणाले तर मी त्यांची बॅग भरून देईन. माझी बदनामी टळावी म्हणून त्यांनी स्वतःचं घर घालवायला काढलं आहे. हे मला घ्यायचं नाही. म्हणून हे पत्र.

तुझीच,
सरू

गुरुवार, १८ मे, सकाळी साडेअकरा, पेण. माझ्याजवळच्या प्रतीवर ही नोंद: पुढीलप्रमाणे दिलं आहे.

डॉक्टरांना: या पत्राच्या शेवटच्या पाच परिच्छेदांची माझ्या सहीची प्रत. त्यांनी माझ्यासमोर वाचली, फाइलला लावली आणि मंगळवारच्या नोंदीतली ती ओळ खोडून बाजूला आजची तारीख टाकली.

जोसेफला: मूळ पत्र, वाचून सिपोराला पोचवण्यासाठी, लिफाफा उघडा. दादांचे धुतलेले कपडे तीन जोड, दाढीचं सामान, रोह्याच्या डॉक्टरांचे कागद. त्याने पोच म्हणून सही केली. मराठीत सही येत नाही म्हणाला, इंग्रजीत केली. त्यानंतर तो पत्र उघडून जिन्यावर बसला.

त्याने घराची किल्ली मागितली. दिली नाही. ती दादांची आहे.