सतराव्या पानावरचं मरण

प्रिय दादा,

तुझं मरण आज सकाळी पुसलं गेलं. अकोल्याच्या शिळाछापखान्यातल्या फोरमनने स्वतः सांगितलं, सतरावं पान ज्यावर उतरवलं होतं तो दगड घासून कोरा केलाय. घरी तापाने गेलास, ते मरण काही पुसता येत नाही; पण ब्रह्मदेशातल्या नदीकाठी मी कागदावर तुला मारलं होतं, ते रद्द. म्हणून हे पत्र.

तुझ्या पलटणीने ती नदी कशी ओलांडली, ते चित्रांच्या पुस्तकात सांगायचं आपलं ठरलं होतं. मजकूर माझा, चित्रं बाबूमियाची. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस! त्याने जन्मात खेचर पाहिलं नव्हतं. पहिल्याच चित्रावर किती ओरडलास तू!

"अबे, खेचराले वशिंड असते का? पोयाच्या सनाचा बैल काढला ना बे तुनं!"

"भाऊ, बैल को सब पहचानते," बाबूमिया म्हणाला. तरी वशिंड खोडलं बिचाऱ्याने.

मग तू गेलास आणि शेवट माझ्या हाती आला. पुस्तक यात्रेत विकायचं, म्हणून त्याआधी हवं होतं. मला वर्तमानपत्रात झटपट लिहायची सवय. एका बैठकीत तुला वीरमरण दिलं. छातीत गोळी, ओठांवर देशाचं नाव. तुझ्या ओठांवर! तू तर त्या दिवशी खेचराला शिव्या घालत होतास.

छापायच्या आधी वहिनीला वाचून दाखवलं. वाटलं, रडेल.

"भाऊजी, हे तिकडंच मेले, मंग चार महिने माह्या हातच्या भाकरी कोन खाऊन गेलं?"

"वहिनी, गोष्टीत असं चालतं."

तिने पोटावर हात ठेवला. आठवा महिना आहे तिला. "गोष्टीत चालते. गल्लीत चालते का? हे लेकरू कोनाचं म्हनतीन लोक?"

दादा, मला कसं सुचलं नाही रे? जन्मभर लोकांच्या बातम्या तपासल्या, आणि तू घरी परत आलास एवढी एक बातमी गाळली!

आता सतराव्या पानावर तू सांगितलेलंच येईल. तू खेचराची शेपटी धरून पार झालास ते. "म्या नाई नेलं त्याले, त्यानंच मले ओढत नेलं," म्हणाला होतास ना? बाबूमिया मात्र हळहळतोय, "मरने का चित्र कितना अच्छा जमा था, भाऊ!"

अठराव्या पानावर तू अकोल्याच्या स्टेशनावर उतरतोस. वहिनीची एकच अट: "मले बी काढा. गाडी आली तवा मी तिथंच उभी व्हती. पाहनाऱ्याले कयलं पायजे."

वचन देतो, यापुढे तुझ्याबद्दल एक ओळही तिला दाखवल्याशिवाय छापणार नाही. लेकराला हे पुस्तक मीच वाचून दाखवीन. त्याने पानं फाडली तरी रागावणार नाही.

उद्या दुपारी बाबूमिया घरी येणार आहे. तू स्टेशनावर उतरलास त्या दिवशी नेसलेलं हिरवं लुगडं वहिनीने पेटीतून काढून ठेवलंय. नेसायचं नाही, म्हणते; नुसता रंग दाखवायचा.

तुझा धाकटा,
वसंता