एका बायकोच्या दोन चौकटी

डिचोली,
गणपती पोचवले त्याला आज पाचवा दिवस

तीर्थस्वरूप बाबलीदादा यांस,

गोकुळदासचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, तुमची गाभण म्हैस आणि (विचारतो आपला) तुमच्याकडे आलेली तुमची बहीण, सगळी क्षेम असावीत.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी कॉम्प्युटरवर घराण्याची वंशावळ करतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुमच्या इब्रामपूरच्या घरातली नावं वहीत तुम्हीच लिहून दिलीत, म्हणजे थोडा दोष तुमच्याकडेही येतो). त्यात विकी म्हणून एक प्रकार असतो. दर माणसाला एक पान, आणि पानाला पान जोडायचं. मग दुसरा प्रोग्राम त्या जोडण्या वाचून चौकटी आणि बाण काढतो. कुठली चौकट कुठे बसवायची हे तो मेला मला विचारत नाही. पहिल्या दिवशी पणजोबा तळाला आणि आमचा नातू साईश सगळ्यांच्या डोक्यावर! बाण उलटे केले, पणजोबा वर गेले, पण दोन आत्या गायब. त्या कुठे गेल्या ते मला अजून कळलेलं नाही.

तरी दोनशे चौदा चौकटींचा कागद छापून मी चवथीला, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीच्या बाजूला, भिंतीवर लावला. सगळी मंडळी जमलेली, मी काठी घेऊन समजावतोय. तेवढ्यात पद्मावतीकाकीने कोपऱ्यात बोट ठेवलं. "ही चंद्रावती कोण रे? ना घोव, ना भुरगीं!" खरंच, तुमच्या वडिलांच्या खाली एक चौकट, आणि तिच्यातून पुढे ना नवऱ्याकडे, ना मुलांकडे, एकही बाण नाही. मी पुरता गोंधळलो (पोटात पातोळ्या, डोक्यात बाण). म्हटलं, "बिचारी लहानपणीच गेली असेल."

आमची सुमंगला पातोळ्यांचं ताट घेऊन मागेच उभी होती.

दादा, देवाशपथ, त्या क्षणी मला आठवलंच नाही! गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी लग्नात अंगठीने तांदळात 'सुमंगला' हे नाव मीच लिहिलं. तेव्हापासून या घरात तिला चंद्रावती म्हणून कुणी हाक मारली नाही. तुमच्या वहीतून ती चंद्रावती म्हणून आली, आमच्या बाजूने सुमंगला म्हणून, आणि पानं झाली दोन. कागदावर चंद्रावतीला मूलबाळ नाही आणि सुमंगलेला आईबाप नाहीत. तिने सगळ्यांना वाढलं, गणपती पोचवला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तुमच्याकडे. चुकलो हो मी, फार चुकलो. घर खायला उठतंय.

आता दोन्ही पानांचं एक केलंय. पण प्रोग्राम म्हणतो, चौकटीत नाव एकच हवं. कोणतं ठेवायचं ते तिला विचारून कळवावं.

आपला,
गोकुळदास

ता.क. प्रोग्राम असं काही म्हणत नाही. दोन काय, दहा नावं चालतात त्याला.

ता.क. आणखी एक. हे पत्र खरं म्हणजे तिलाच आहे. पाकिटावर तिचं नाव घालायला बसलो होतो. 'सुमंगला' घातलं तर ती हातात घ्यायची नाही. 'चंद्रावती' घालायला गेलो आणि हात अडला. इतक्या वर्षांत मी ते नाव एकदाही तोंडाने घेतलेलं नाही. म्हणून तुमचं घातलं. तिला द्या.